दोन याद्या आणि त्यांच्या सर्व जोड्या

इंटरनेटवरील दुकानातून कुर्ता विकत घेणाऱ्या ग्राहकाला पडद्यावर दोन लहान याद्या दिसतात. एकीत रंग असतात, दुसरीत मापे. पांढरा, निळा आणि मोरपंखी हे तीन रंग आणि ३८, ४०, ४२, ४४ ही चार मापे धरली, तर दुकानदाराच्या खतावणीत त्या एका कुर्त्याच्या बारा वेगवेगळ्या वस्तू होतात. प्रत्येकीचा साठा निराळा, क्रमांक निराळा आणि कित्येकदा किंमतही निराळी. या बारा नोंदी हाताने करीत बसणे कोणालाच परवडत नाही. पहिल्या यादीतील प्रत्येक घटकाची दुसऱ्या यादीतील प्रत्येक घटकाशी जोडी लावण्याचे काम संकेतस्थळामागील प्रोग्रॅम करतो. वेब प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला हा प्रश्न अगदी सुरुवातीला भेटतो आणि वरून दिसतो त्यापेक्षा बराच फसवा निघतो. गणितात या क्रियेला कार्टेशियन गुणाकार म्हणतात.

हे नाव फ्रेंच तत्त्वज्ञ व गणिती रने देकार्त (१५९६–१६५०) याच्यावरून आले. लॅटिन भाषेत त्याचे नाव कार्टेसियस असे लिहीत. १६३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या भूमितीवरील ग्रंथाने भूमितीचे प्रश्न बीजगणिताने सोडविण्याची वाट मोकळी केली, आणि प्रतलावरील प्रत्येक बिंदू दोन संख्यांच्या जोडीने दाखविण्याची पद्धत पुढे त्याच्या नावाने रूढ झाली. संचांची भाषा मात्र देकार्तची नव्हे. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गेऑर्ग कँटरच्या कार्यातून आली. त्या भाषेत सांगायचे तर दोन संचांचा कार्टेशियन गुणाकार म्हणजे अशा सर्व क्रमित जोड्यांचा संच, की ज्यांतील पहिला घटक पहिल्या संचातला आणि दुसरा घटक दुसऱ्या संचातला असतो. पहिल्यात तीन आणि दुसऱ्यात चार घटक असतील तर जोड्या बारा होतात. 'गुणाकार' हा शब्द त्यामुळेच सार्थ ठरतो.

ही कल्पना व्यवहारात परकी नाही. इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर या चार रंगांना एक्क्यापासून राजापर्यंतच्या तेरा पानांनी गुणले की ५२ पानांचा कॅट तयार होतो. मराठी मुलाला तर हा गुणाकार बेरीज-वजाबाकीच्याही आधी शिकविला जातो. बाराखडीच्या तक्त्यात उभ्या बाजूला व्यंजने आणि आडव्या बाजूला बारा स्वरचिन्हे असतात आणि प्रत्येक चौकटीत त्या दोघांची एक जोडी बसते.

बोलण्याच्या ओघात प्रोग्रॅमर यालाच 'सगळी कॉम्बिनेशन्स' म्हणतात आणि तेथून एक गोंधळ सुरू होतो. गणितातील 'संयोग' म्हणजे एकाच संचातून काही घटक निवडणे. त्यात क्रमाला महत्त्व नसते. 'क्रमचय' म्हणजे एकाच संचातील घटकांची क्रमाने मांडणी. कार्टेशियन गुणाकारात याद्या वेगळ्या असतात आणि प्रत्येकीतून एकेकच घटक घेतला जातो. तिन्हींची सूत्रे वेगळी असल्यामुळे प्रश्नाचे नाव चुकले की उत्तरही चुकते. एकाच यादीचा स्वतःशी गुणाकार केला, तर हा फरक स्पष्ट दिसतो. २००८ च्या पहिल्या आयपीएल स्पर्धेत आठ संघ होते. आठांचा आठांशी गुणाकार केला तर ६४ जोड्या मिळतात. त्यांपैकी आठ जोड्यांत संघ स्वतःशीच खेळतो. त्या वगळल्या की ५६ उरतात आणि साखळी सामने नेमके ५६ च ठरले होते, कारण मुंबईचा चेन्नईशी घरचा सामना वेगळा आणि बाहेरचा वेगळा. मैदानाचा भेद मानला नसता, तर क्रम गळून पडला असता आणि २८ सामने, म्हणजेच आठांतून दोघांचे संयोग, उरले असते.

लूपमध्ये लूप

प्रोग्रॅममध्ये या जोड्या तयार करण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे एका लूपच्या पोटात दुसरा लूप. बाहेरचा लूप पांढरा रंग हातात धरतो, आतला लूप चारही मापे फिरून येतो, मग बाहेरचा लूप निळ्याकडे सरकतो. शेवटची यादी सर्वांत वेगाने बदलते आणि पहिली सर्वांत सावकाश. स्कूटरच्या जुन्या मीटरमधील आकडे असेच फिरत. एकम स्थानाचे चाक भराभर पळे आणि त्याची एक फेरी पूर्ण झाली की दशमाचे चाक एक घर पुढे सरके.

येथे होणारी एक चूक पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दोन्ही लूपमधील मोजणीच्या चलाला एकच नाव दिले जाते. जुन्या जावास्क्रिप्टमध्ये अशा वेळी दोन्ही लूप एकाच चलावर काम करीत. आतला लूप तो चल पुढे नेऊन ठेवी. परिणामी पांढऱ्याला ३८, निळ्याला ४०, मोरपंखीला ४२ अशा तिरक्या जोड्या तयार होत, चौथ्या मापाला रंगच मिळत नसे आणि बाहेरचा लूप पहिल्याच फेरीत संपे. बाहेरची यादी आतल्या यादीपेक्षा दोन किंवा अधिक घटकांनी मोठी असली, तर चल पुनःपुन्हा मागे ओढला जाई आणि प्रोग्रॅम कधीच थांबत नसे. २०१५ च्या प्रमाणकात 'लेट' हा शब्द आल्यापासून लूप थांबत नाही असे होत नाही, पण त्याच नावाने दोन्ही याद्या वाचल्या तर तिरक्या जोड्या आजही तशाच मिळतात. अशा वेळी संगणक चुकीची कोणतीही सूचना देत नाही, हे विशेष.

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत उभी केली. तिच्यात यादीवर एकत्रितपणे काम करणारी साधने येण्यास बराच काळ लागला. 'मॅप' आणि 'रिड्यूस' यांना प्रमाणकात स्थान मिळाले ते डिसेंबर २००९ मध्ये. 'मॅप' वापरून प्रत्येक रंगाच्या जागी चार जोड्यांची एक यादी ठेवता येते. पण मग हाती येते ती याद्यांची यादी. ती सपाट करावी लागते. ही दोन्ही कामे एका दमात करणारे 'फ्लॅटमॅप' २०१९ च्या प्रमाणकात आले. त्याच्या जोडीला आलेल्या 'फ्लॅट' या साध्या साधनाचे मूळचे नाव 'फ्लॅटन' होते. मूटूल्स या जुन्या लायब्ररीने ते नाव आधीच स्वतःच्या कामासाठी वापरलेले असल्यामुळे २०१८ मध्ये नव्या ब्राउझरच्या चाचणीत एक जुने संकेतस्थळ मोडले. तेव्हा 'फ्लॅटन'ऐवजी 'स्मूश', म्हणजे चेचणे, असे नाव द्यावे अशी थट्टेची सूचना पुढे आली. ती अनेकांनी गंभीरपणे घेतली आणि बराच वाद झाला. महाजालावरील जुनी पाने मोडू द्यायची नाहीत, या तत्त्वापायी नव्या भाषेला किती अडून राहावे लागते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

पायथन या बाबतीत अधिक सुदैवी म्हणायची. तिच्या २००८ मधील २.६ या आवृत्तीपासून 'इटरटूल्स' विभागात 'प्रॉडक्ट' नावाचे तयार साधन आहे. जावास्क्रिप्टमध्ये मात्र या एका कामासाठी अंगभूत साधन आजही नाही.

याद्या दोनाच्या तीन झाल्या की तिसरा लूप लागतो, चार झाल्या की चौथा. किती याद्या येणार हे आधी ठाऊक नसेल, तर लूप लिहिणार तरी किती? यावर 'रिड्यूस'चा उपाय देखणा आहे. आतापर्यंतच्या जोड्यांची एक यादी हाताशी ठेवायची आणि पुढची प्रत्येक यादी तिच्याशी गुणून घ्यायची. प्रश्न उरतो तो आरंभ कशापासून करावा याचा. नवशिके रिकाम्या यादीपासून आरंभ करतात आणि शेवटी उत्तरही रिकामेच मिळते, कारण शून्याने कितीही गुणले तरी शून्यच. आरंभ करावा लागतो तो एकच रिकामी जोडी असलेल्या यादीपासून. गुणाकारात एक या संख्येचे जे स्थान, ते या रिकाम्या जोडीचे.

हेच शून्य व्यवहारात वेगळ्या तऱ्हेने नडते. एखाद्या ओढणीला मापच नसते. तिची मापांची यादी रिकामी ठेवली, तर पाच रंगांतील ओढण्यांची संख्या पाच गुणिले शून्य, म्हणजे शून्य होते आणि वस्तू दुकानातून नाहीशी होते. गणित बरोबर असते, पण दुकानदाराच्या मनातील अर्थ वेगळा असतो. म्हणून अशा यादीत 'माप नाही' हा एक घटक घालावा लागतो किंवा ती यादी गुणाकारातून वगळावी लागते.

वस्तूंच्या याद्या

याद्यांत नुसते शब्द किंवा आकडे असतील तर एवढ्यावर भागते. प्रत्यक्षात यादीतील प्रत्येक घटक म्हणजे अनेक गुणधर्म बाळगणारी वस्तू, प्रोग्रॅमरांच्या भाषेत ऑब्जेक्ट, असते. रंगाला नाव असते, क्रमांक असतो, छायाचित्र असते. मापालाही नाव असते, क्रमांक असतो आणि मोठ्या मापासाठी जादा आकार असतो. या दोन वस्तू एकत्र करून एक वस्तू करायची म्हटली की खरी परीक्षा सुरू होते.

पहिला धोका समान नावांचा. जावास्क्रिप्टमध्ये दोन वस्तू एकमेकींत मिसळताना दोघींत 'नाव' हा गुणधर्म असेल, तर नंतर आलेली वस्तू आधीच्या वस्तूचे नाव पुसून टाकते. मोरपंखी रंग आणि ४२ माप यांच्या मिश्रणात उरते फक्त ४२. नाव पुसले गेले तर ते निदान डोळ्यांना दिसते. 'किंमत' पुसली गेली तर? रंगाच्या यादीत मूळ किंमत ८०० रुपये आणि मापाच्या यादीत जादा आकार ५० रुपये असा असेल आणि दोन्ही ठिकाणी गुणधर्माचे नाव 'किंमत' हेच असेल, तर कुर्ता ५० रुपयांना विक्रीस लागतो. यावरचा उपाय साधा आहे. दोन वस्तू मिसळण्याऐवजी नवी वस्तू करून तिच्या 'रंग' या कप्प्यात एक आणि 'माप' या कप्प्यात दुसरी ठेवावी. लिहिण्यात थोडी अधिक अक्षरे खर्च होतात, पण पुसले काहीच जात नाही.

दुसरा धोका अधिक छुपा आहे आणि तो या उपायातूनच उद्भवतो. मोरपंखी रंगाची वस्तू चार जोड्यांत येते, याचा अर्थ तिच्या चार प्रती निघाल्या असा होत नाही. संगणकाच्या स्मृतीत ती वस्तू एकच राहते आणि चारही जोड्या तिच्याकडे बोट दाखवितात. एकाच खोलीच्या चार किल्ल्या चौघांकडे असाव्यात तसे. मोरपंखी-४२ संपला म्हणून कोणी त्या जोडीतील रंगाच्या वस्तूवर 'शिल्लक नाही' अशी खूण केली की ३८, ४० आणि ४४ मापांचे मोरपंखी कुर्तेही त्याच क्षणी संपलेले दिसू लागतात. माल गोदामात पडून आणि ग्राहक परत जातो. ही चूक शोधणे कठीण जाते, कारण जोड्या तयार करणारा भाग निर्दोष असतो आणि बिघाड तेथून कित्येक ओळी दूर, वेगळ्याच वेळी प्रकट होतो.

प्रत काढण्याच्या प्रचलित रीतीही अर्ध्यामुर्ध्याच आहेत. २०१८ च्या प्रमाणकात आलेली तीन टिंबांची खूण वस्तूचे वरवरचे गुणधर्म नव्या वस्तूत उतरविते. पण त्या गुणधर्मांपैकी एखादा स्वतःच यादी किंवा वस्तू असला, तर तो मूळ व प्रतीत सामाईकच राहतो. संपूर्ण खोल प्रत काढण्यासाठी 'स्ट्रक्चर्ड क्लोन' हे साधन २०२२ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत उपलब्ध आहे. तरीही जाणते प्रोग्रॅमर प्रती काढण्याच्या भानगडीत फारसे पडत नाहीत. जोडीनुसार बदलणारी माहिती, म्हणजे साठा, किंमत, क्रमांक, ही जोडीवरच ठेवावी आणि रंग व माप या मूळ वस्तूंना तयार झाल्यावर हातच लावू नये, असा त्यांचा रिवाज असतो. तो अधिक शहाणपणाचा आहे.

संख्येचा स्फोट

दोन याद्यांचा गुणाकार आटोक्यातला असतो. याद्या वाढल्या की तो हाताबाहेर जातो. वीस-वीस घटकांच्या पाच याद्या म्हणजे शंभरच घटक. त्यांच्या जोडण्या ३२ लाख होतात. ब्राउझरमध्ये या जोडण्या तयार करू लागलेले पान तेवढा वेळ गोठते, कारण बटणावरील क्लिक ऐकण्याचे आणि हिशेब करण्याचे काम तेथे एकाच रांगेत चालते. दुकाने उभारून देणाऱ्या शॉपिफायसारख्या सेवेने एका वस्तूला तीन पर्याय आणि १०० उपप्रकार अशी मर्यादा बराच काळ घातली होती. ती पुढे वाढविण्यात आली. प्रोग्रॅमची चाचणी वेगवेगळ्या प्रणालींवर आपोआप घेणाऱ्या गिटहब ॲक्शन्समध्ये प्रणाली आणि आवृत्ती यांच्या याद्या देताच त्यांचा गुणाकार होऊन प्रत्येक जोडीचे एक काम सुरू होते. तेथे एका वेळी २५६ कामांची सीमा आहे.

चाचणीच्या क्षेत्राने या स्फोटावर एक व्यवहारी तोडगा काढला आहे. चालू-बंद अशी दहा बटणे असलेल्या प्रोग्रॅमच्या सर्व अवस्था १०२४ होतात. सगळ्या तपासाव्यात का? अमेरिकेच्या मानके व तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी तपासलेल्या प्रणालींतील बहुतेक बिघाड एका किंवा दोन घटकांच्या संयोगाने झालेले आढळले. सहापेक्षा अधिक घटक एकत्र आल्यावरच घडलेला बिघाड त्यांना आढळला नाही. मग कोणत्याही दोन बटणांच्या चारही अवस्था कोठे ना कोठे येतील एवढे पाहिले तरी पुष्कळ काम होते. दहा बटणांसाठी अशा केवळ सहा चाचण्या पुरतात. कोणत्याही तीन बटणांच्या आठही अवस्था हव्या असतील, तर तेरा. १०२४ च्या जागी तेरा, ही बचत लहान नव्हे.

डेटाबेसमध्ये हाच गुणाकार कधी शाप तर कधी साधन ठरतो. एडगर कॉड यांनी १९७० मधील आपल्या निबंधात सारणीची व्याख्याच कार्टेशियन गुणाकाराचा उपसंच अशी केली होती. दोन सारण्यांतील माहिती एकत्र मागविताना त्या कोणत्या धाग्याने जोडायच्या हे सांगायचे राहिले, तर डेटाबेस निमूटपणे सर्व जोड्या पुढे करतो. हजार ग्राहक आणि पाच हजार मागण्या यांच्या ५० लाख ओळी होतात आणि बेरजांचे आकडे भलतेच फुगतात. १९९२ च्या प्रमाणकाने या क्रियेला 'क्रॉस जॉइन' असे स्वतंत्र नाव दिले, तेव्हापासून ती मुद्दाम केलेली आहे की चुकून झाली आहे हे वाचणाऱ्याला ओळखता येते. मुद्दाम करण्याचे प्रसंगही पुष्कळ येतात. ज्या दिवशी विक्री झालीच नाही त्या दिवसाची नोंद विक्रीच्या सारणीत नसते. सर्व शाखा आणि महिन्याचे सर्व दिवस यांचा गुणाकार करून तो विक्रीशी ताडून पाहिला, की कोरे राहिलेले दिवस आपोआप उघडे पडतात.

न लिहिता काढलेली जोडी

जोडण्या लाखांत असल्या तरी त्या एकाच वेळी लागतात असे नाही. २०१५ पासून जावास्क्रिप्टमध्ये असलेला 'जनरेटर' मागेल तेव्हा एक जोडी देतो आणि पुढच्या मागणीपर्यंत स्वस्थ बसतो. त्यामुळे स्मृती भरत नाही. शोध मध्येच संपला तर पुढचे कामही वाचते.

त्याही पुढची पायरी म्हणजे मधल्या जोड्या न काढता थेट हवी ती जोडी काढणे. कुर्त्याच्या बारा जोड्यांना शून्यापासून क्रमांक दिले आणि सातवा क्रमांक हवा असला, तर सातला मापांच्या संख्येने, म्हणजे चाराने, भागायचे. भागाकार एक, बाकी तीन. याद्याही शून्यापासून मोजल्या की एक म्हणजे निळा आणि तीन म्हणजे ४४. लाखो जोडण्यांतील पाचशेवे पान दाखवायचे असो की सोडतीने एखादी निवडायची असो, एवढ्या भागाकारावर काम होते.

कोरियन लिपी संगणकात याच हिशेबाने बसविली आहे. त्या लिपीतील अक्षर आद्य व्यंजन, स्वर आणि अंत्य व्यंजन यांनी बनते. आद्य व्यंजने १९, स्वर २१ आणि अंत्य स्थानासाठी, 'काहीच नाही' हा पर्याय धरून, २८ चिन्हे आहेत. त्यांचा गुणाकार ११,१७२ होतो आणि १९९६ पासून युनिकोडमध्ये या सर्व अक्षरांना ४४,०३२ पासून ओळीने क्रमांक आहेत. कोरियाच्या स्वतःच्या नावातील 'हान' या अक्षरात आद्य व्यंजन १८ वे, स्वर शून्यावा आणि अंत्य व्यंजन चौथे. १८ ला २१ ने गुणून त्यात शून्य मिळवायचे, त्याला २८ ने गुणून चार मिळवायचे आणि आरंभाची संख्या जोडायची. उत्तर येते ५४,६२०, आणि तोच त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक आहे. देवनागरीसाठी वेगळा मार्ग पत्करला गेला. तेथे व्यंजन आणि मात्रा यांना स्वतंत्र क्रमांक आहेत, बाराखडीचा तक्ता साठविलेला नाही. जोडी लावण्याचे काम पडद्यावर अक्षर उमटतेवेळी होते.

क्रमांकावरून जोडी ओळखण्याची ही युक्ती भारतात फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या अखेरच्या शतकांतील मानल्या जाणाऱ्या पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु आणि गुरू यांची सर्व रूपे ओळीने मांडण्याच्या रीतीला 'प्रस्तार' म्हटले आहे. तीन अक्षरांचा प्रस्तार म्हणजे दोन घटकांच्या यादीचा तीन वेळा गुणाकार. त्याची आठ रूपे म्हणजेच वृत्तांचे आठ गण. स्कूटरच्या मीटरच्या उलट, प्रस्तारात पहिले अक्षर सर्वांत वेगाने बदलते. प्रस्तारातील एखादी ओळ पुसली गेली असेल, तर केवळ तिच्या क्रमांकावरून ती पुन्हा लिहिण्याच्या कृतीला 'नष्ट' असे नाव आहे आणि ओळीवरून क्रमांक काढण्याच्या उलट कृतीला 'उद्दिष्ट'. नष्टाचा नियम असा : क्रमांक सम असेल तर लघु लिहून त्याची निमपट करावी. विषम असेल तर गुरू लिहून, एक मिळवून निमपट करावी. सहावी ओळ हवी असल्यास सहा सम, म्हणून लघु. निमपट तीन. तीन विषम, म्हणून गुरू. एक मिळवून निमपट दोन. दोन सम, म्हणून लघु. लघु, गुरू, लघु हा झाला ज गण, आणि तीन अक्षरांच्या प्रस्तारात तो सहाव्याच ओळीवर असतो.